साडी नेसून काढलेल्या धारा

आमच्या घरात खोटं बोलायचं काम नेहमी माझ्याकडे येतं. वर्गणीवाले आले, नको असलेल्या लग्नाचं आमंत्रण आलं, की मलाच पुढे करतात. माझा चेहरा जन्मतःच अपराधी आहे. खरं बोललो तरी तसाच दिसतो, खोटं बोललो तरी तसाच, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही, असं बायकोचं म्हणणं. पन्नाशी ओलांडेपर्यंत मी फक्त माणसांशी खोटं बोललो होतो. जनावराशी बोलायची वेळ आली ती आई गोठ्यात पडली तेव्हा.

मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा आहे. मळा म्हणायचं ते सवयीनं. तीन बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यात आणि मधल्या तुकड्यात धाकटा भाऊ मेथी, कोथिंबीर आणि थोडी शेवंती करतो. मी सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात खुर्ची अडवून बसतो. घरामागे पत्र्याचा गोठा, त्यात एक म्हैस आणि तिची पारडी. शेजारच्या इमारतीतले लोक संध्याकाळी शेणाच्या वासाची तक्रार करतात आणि सकाळी त्याच गोठ्याच्या दाराशी किटली घेऊन उभे राहतात.

गोठा सगळ्यांचा, पण म्हैस आईची. आईशिवाय तिनं कुणाला कासेला हात लावू दिला नाही. वडील गेल्यापासून आई धारेला बसली की तिच्याशी बोलायची. घरात आई फार बोलत नाही. जे काय बोलायचं ते म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गोठ्याकडे उघडते, त्यामुळे सासूच्या मनात काय चाललंय हे बायकोला दिवसातून दोनदा ताजं ताजं कळायचं.

एका सकाळी म्हैस धुताना आईचा पाय सांडलेल्या पाण्यावरून सरकला आणि मांडीचं हाड वरच्या अंगाला मोडलं. गाडीत घालून दवाखान्यात नेताना, दुखण्यानं ओठ पांढरे पडलेले असताना, ती मला एवढंच म्हणाली, "तिला उपाशी ठेवू नका. अन् सुई टोचू नका."

सुई म्हणजे पान्हा सोडवायचं इंजेक्शन. काही गोठ्यांत ते चोरून चालतं. आईनं ते आमच्या दारात कधी येऊ दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी भाऊ धारेला बसला. पारडी लावली, पारडी चार घोट प्यायली, म्हशीनं पान्हा सोडला. पारडी बाजूला करून भावानं सडाला हात घातला, तर म्हशीनं मान वळवून एकदा पाहिलं आणि लाथेनं बादली गव्हाणीपर्यंत पोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसलो. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. नुसतं दूध वर ओढून घेतलं. आमच्याकडे त्याला म्हैस दूध चोरते असं म्हणतात. दूध तिचं, कास तिची आणि चोर पण तीच. मी दहा मिनिटं रिकामे सड ओढत बसलो आणि शेवटी तिनं शेपटीनं माझा चष्मा काढला.

संध्याकाळपर्यंत कास दगडासारखी झाली. म्हैस या पायावरून त्या पायावर डुलत होती, आणि मी अंगणात या टोकाकडून त्या टोकाकडे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आज मोकळी झाली नाही तर कास सुजेल. भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, एकदाच सुई देऊन टाकू. आईला कोण सांगणारे?"

आत्या आली होती आईची चौकशी करायला. वडिलांची मोठी बहीण, सगळ्या गोष्टींवर तोडगा असलेली. ती ओट्यावरून ओरडली, "सुई कशाला मेल्यांनो! आईची साडी नेसा ना कुणीतरी. आमच्या वेळी बाई बाळंतपणाला माहेरी गेली का घरचा गडी तिचं लुगडं नेसूनच धारेला बसायचा."

"मग वहिनी बसतील," भाऊ म्हणाला.

"मला धार काढता येत नाही," बायको म्हणाली. "मी मुद्दाम शिकलेच नाही. नाहीतर तेही गळ्यात पडलं असतं."

भाऊ ताडमाड उंच, शिवाय त्याच्या हाताला फवारणीच्या औषधाचा वास. सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्यावर आल्या. मी आईसारखाच बुटका आहे, आईसारखाच पाठीत थोडा वाकलेला, आणि लहानपणी दोन वर्षं धार काढलेली. एखाद्या पदासाठी माझी इतक्या एकमतानं निवड आयुष्यात पहिल्यांदा झाली.

गोठ्याच्या खुंटीवर आईची हिरवी सुती साडी होती, धारेला नेसायची. काठ विटलेला, मिश्रीचा, शेणाचा, सरकीच्या पेंडीचा आणि आईचा असा एकत्र वास. पँटीवरूनच मी ती नेसलो. निऱ्या बायकोनं खोचल्या, पण हसता हसता दोनदा सुटल्या. "मिशी पदरात घ्या," ती म्हणाली. मी पदर डोक्यावरून ओढून नाकाखाली दाबला आणि बादली घेऊन आत गेलो.

म्हशीनं साडी हुंगली. मग माझा हात. मग परत साडी. मी सडाला हात लावला, पण धार येईना.

खिडकीतून बायको कुजबुजली, "बोला की काहीतरी! त्या बोलतात."

"काय बोलू?"

"माझ्याबद्दल बोला. त्याच्याशिवाय सोडायची नाही ती."

म्हणून मी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि बारीक आवाजात सुरुवात केली. सुनेला भाजी चिरायचा कंटाळा आहे. सून सकाळी मोबाइल बघत चहा उतू घालवते. खिडकीतून सूचना येत होत्या, "मिठाचं राहिलं. मिठाचंही म्हणतात." मी मिठाचंही म्हणालो. आणि चौथ्या की पाचव्या तक्रारीला बादलीत धार वाजली. तो आवाज ऐकून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू! खोटं सांगायला बाकी खूप जागा पुढे येणार आहे.

आईचं ऑपरेशन झालं, मांडीत सळई बसली. जिना चढायचा नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्या घराला सहा पायऱ्या आणि संडास अंगणापलीकडे. म्हणून तिला इंदिरानगरला माझ्या बहिणीच्या फ्लॅटवर ठेवलं. तिथं लिफ्ट आहे. आणि तिथं ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. आई त्यांच्याकडे पाठ करून म्हणायची, "आता कशाला?" बहिणीचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. "या दोन-तीन आठवड्यांत पाय टेकला नाही तर कायमची अंथरुणाला खिळेल असं डॉक्टर म्हणतात. दादा, तू बोल तिच्याशी."

मी काय बोलणार? मी साडी नेसून तिच्या म्हशीशी रोज अर्धा तास बोलत होतो, पण आईशी सलग पाच वाक्यं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. फोन तिच्या कानाला लावल्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते असं, "आई, म्हैस पान्हाच सोडत नाही गं तुझ्यावाचून. आंबोण ठेवलं तर तोंड फिरवते. दाराकडे बघत उभी असते."

 मग आई म्हणाली, "कास मोकळी करा रे तिची." आणि दुसऱ्या दिवशी बहिणीनं सांगितलं, आई वॉकर धरून उभी राहिली.

झालं! आता मागं फिरता येईना. आईचा पाय माझ्या एका वाक्यावर उभा होता, आणि ते वाक्य पहिल्या दोन दिवसांपुरतंच खरं होतं. ती रोज विचारायची, "खाल्लं का तिनं?" मी रोज म्हशीला उपाशी ठेवायचो, फोनवर. इकडे म्हैस आंबोणाचं घमेलं चाटूनपुसून लख्ख करत होती. बहिणीकडे दूध आमचंच जायचं. फोननंतरच्या पहिल्याच चहाला आई म्हणाली, "हे तिचं दूध हाय." बहीण म्हणाली, "छे गं, पिशवीचं आहे." आईनं कप खाली ठेवला, बघितला, आणि परत उचलून संपवला. मला हे कळलं त्या दिवशी ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना. उठायचो, पाणी प्यायचो, बसायचो. स्वतःचे हात हुंगायचो. फोन वाजला की दचकायचो. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हणालो, हो, म्हैस जेवत नाही.

मग आईनं व्हिडिओ कॉलचा हट्ट धरला. तिला म्हैस बघायची होती. नेमका फोन आला तेव्हा मी धारेला बसलेला, नखशिखान्त आई. बायकोनं फोन म्हशीच्या तोंडापुढे धरला आणि मी पारडीच्या मागे दडलो. फोनमधून आईची हाक आली, "ये गं… ये गं माझी बाय…"

म्हशीचे कान उभे राहिले. एक कान फोनकडे वळला आणि एक माझ्याकडे. तिनं फोन हुंगला. काचेला कसला वास येणार? मग तिनं दावं ताणून माझ्याकडे मान लांबवली आणि मला हुंगायला लागली. साडीचा काठ, पदर, मान, मिशी. इतकं सावकाश तिनं मला कधी हुंगलं नव्हतं. तिच्या श्वासानं माझ्या कपाळाला घाम फुटला. फोनमध्ये आई म्हणत होती, "बघ, मला शोधतीये ती. ऐकू येतंय तिला." आवाज एकीकडे, वास दुसरीकडे, आणि मधे हे दडून बसलेलं ध्यान. त्या संध्याकाळी तिनं थेंब दिला नाही. मी आईला तसं सांगितलं. तेवढा एक दिवस मी तिच्याशी खरं बोललो.

पुढे माझाच कंटाळा वाढत गेला. ऑफिसला उशीर होतो म्हणून निऱ्या बंद झाल्या, साडी नुसती गुंडाळायला लागलो. नंतर खांद्यावर टाकून भागलं. बोलणंही बंद केलं. एक दिवस मला ताप होता. भावानं साडी म्हशीसमोर दोरीवर टाकली आणि स्वतः धार काढली. मोठ्या आनंदात येऊन म्हणाला, "दादा, तुझी गरज नाही. नुसती साडी पुरते."

मला बरं वाटायला हवं होतं. उलट कुणीतरी नोकरीवरून काढल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी शर्ट-पँटीत तिच्यापुढे उभा राहिलो. मी तिला महिनाभर कपाळ टेकवलेला माणूस. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे दोरीकडे पाहिलं.

तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. ही म्हैस फाटकाची कडी वाजली की कोण आलं ते ओळखायची. परका माणूस दिसला की नाक फेंदारायची. गल्लीत तिला मानी म्हणायचे. आता फाटकातून कुणीही येवो, ती मान उचलत नव्हती. वाऱ्यानं साडी हलली की मात्र कान हलायचे. कोण धारेला बसलंय याच्याशी तिला काही देणंघेणं उरलं नव्हतं. आम्ही तिला माणसाऐवजी कापड ओळखायला शिकवलं होतं, आणि ती चांगली विद्यार्थिनी निघाली.

अडीच महिन्यांनी आई घरी आली. आम्ही पायऱ्यांशेजारी फळ्यांचा उतार केला, आतच कमोड बसवला, आणि साडी कडब्यामागे कोंबली. ती फाटकात उतरली ती सरळ गोठ्याकडे निघाली. अंगात बहिणीनं घेतलेला गाऊन, मांडीपासून गुडघ्यापर्यंत मलमाचा वास, हातात टक टक वाजणारा वॉकर. "चहा तरी घे," बायको म्हणाली. "आधी तिला बघते. वाळली असेल."

म्हैस वाळली नव्हती. पाठीवरून पाणी ओघळून जाईल अशी तकतकीत झाली होती. आईनं ते पाहिलं. हात पुढे केला. "ये गं बाय."

म्हशीनं फुत्कार टाकला आणि दावं ताणून मागे सरली. आवाजाला कान वळले, पण डोळे रिकाम्या दोरीवर होते. आई एक पाऊल पुढे झाली. म्हशीनं शिंग झटकलं, वॉकर खणखणत खाली पडला. भावानं आईला वरच्यावर झेललं म्हणून बरं.

आईला आम्ही आत आणून खाटेवर टेकवलं. "बराबर हाय," ती म्हणाली. "लंगडीला कोण ओळखतंय?" आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. वॉकर कोपऱ्यात उभा. व्यायाम नाही, जेवण दोन घास. ज्या म्हशीसाठी ती चालायला लागली होती, त्या म्हशीनंच तिला परकं केलं होतं, आणि ते परकेपण मी तयार केलं होतं, रोज दोन वेळा, मन लावून. घरात सगळे माझ्याकडे बघत होते. मी आईच्या खोलीच्या दाराशी जायचो, परत यायचो. जायचो, परत यायचो. वाक्य सुचत नव्हतं. खोटं मला पटकन सुचतं. खऱ्याला मात्र सुरुवात कुठून करायची कळत नाही.

शेवटी संध्याकाळच्या धारेच्या वेळी मी कडब्यामागून साडी काढली, पँटीवरून नेसलो, पदर डोक्यावर घेतला आणि आईच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

"आई, इकडे बघ."

तिनं मान वळवली आणि पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली. 

"निऱ्या उलट्या घातल्यात," ती म्हणाली.

"आज बायकोनं खोचल्या नाहीत."

"कधीपासून?"

"तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मंजे दूध देत होती."

"हो."

"खात होती."

"हो."

"तो चहा तिच्याच दुधाचा होता."

"हो, आई."

दारात बायको आणि भाऊ उभे. आता हसेल की मारेल, कुणालाच अंदाज नव्हता. आईनं पदराचं टोक हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि तोंड वाकडं केलं. "माझा वास कुठे राहिलाय याला! सगळा तुझा घाम."

"तू चालावीस म्हणून बोललो गं."

"मला फसवलं ते असू दे. मी माणूस हाय, तुला चार शिव्या देईन, मोकळी होईन. तिनं काय करायचं? तिला कुणी सांगितलं का, की ही साडी हाय अन् आत हा बावळट हाय?"

 ती खाटेच्या कडेला सरकली. "तो वॉकर दे इकडं. अन् साडी काढू नको, तशीच राहू दे. चल."

त्या संध्याकाळी मी साडी नेसून धार काढली आणि आई म्हशीच्या तोंडापाशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून बोलत राहिली. मलम लावलं नव्हतं, त्याचा वास आड येतो म्हणून तिनंच नको म्हटलं होतं. थोरल्याला अक्कल नाही. थोरला लहानपणापासून असाच. शाळेत पडला तर म्हणायचा, मला कुणी पाडलं. मी पोटाला कपाळ टेकवून सगळं ऐकत होतो. खिडकीत बायको भलतीच खूश. म्हशीचे कान पुढे, मागे, पुढे, मागे.

मग आईनं एक दिवस साडी स्वतः मागून घेतली, साबणानं खसाखसा धुतली, आणि म्हशीला दिसेल अशी तारेवर वाळत घातली. साडी वाऱ्यानं फडफडायला लागली तशी म्हैस हंबरली. आई तिच्या शिंगांमधे खाजवत म्हणाली, "ते कापड हाय गं. कापड हाय ते."

वाळलेली साडी घडी होऊन कपाटात गेली, आणि आठवडाभर दूध निम्म्यावर आलं. कधी लाथ, कधी चोरी. इमारतीतले लोक किटल्या वाजवत परत जायचे. भाऊ कुरकुरला, तर आईनं त्याला एकच शब्द सांगितला, "थांब." मग हळूहळू म्हशीनं पान्हा सोडला, आई तोंडाशी आणि मी कासेशी, दोघंही आपापल्या कपड्यांत.

पण ती पूर्वीसारखी झालेली नाही. पूर्वी आई आली की ती डोळे अर्धे मिटून उभी राहायची. आता तपासते. आईला पायाच्या बोटांपासून हुंगत वर येते, गुडघा, हात, पदर, कानामागे, जणू इमारतीच्या फाटकावरचा वॉचमन नवीन माणसाची चौकशी करतोय. मग माझी पाळी. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, पहिल्यापासून. तिची खात्री रात्रीतून उडून जाते की काय कोण जाणे. आईचंही थोडं तसंच झालंय. मी ऑफिसातून फोन करून जेवलो म्हटलं की ती म्हणते, "डबा दाखव."

आज सकाळीही तेच. आई आता काठीवर चालते. ती गव्हाणीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हशीनं सुरुवात केली. पाऊल, गुडघा, मग गुडघ्यापाशीच थांबली, परत पावलाकडे गेली. आईचा पाय थरथरायला लागला होता. मी मागून स्टूल सरकवलं.

"बस ना गं. तिला वेळ लागतो."

"गप," आई म्हणाली. "बसले तर परत पहिल्यापासून सुरू करील. तिचं बघून होऊ दे."

मी स्टूल मागे घेतलं आणि रिकामी बादली धरून रांगेत उभा राहिलो.